नत्थूच्या नावाची चिठी

पुंजाराम माळी हा अकोटचा तोलारी. तोलारी म्हणजे काट्यावर कापूस तोलणारा. त्याचा बाप वांगी-मिरच्या लावायचा, आजाही तेच करायचा, पण पुंजारामच्या हाताला कुदळीपेक्षा तराजूची दांडी जास्त मानवली. दांडी धरली की काटा कुठे थांबणार हे त्याला आधीच कळायचं. तोलताना मोजणीची हाक तो मोठ्या आवाजात द्यायचा. पहिल्या तोलाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, आणि मग दोन, तीन, चार. त्याचा ‘लाभ’ अर्ध्या बाजाराला ऐकू जाई.

ती वर्षंच तशी होती. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिथला कापूस तिथेच अडकला होता, आणि विलायतेला वऱ्हाडच्या कापसाची अशी भूक लागली होती की सरकीसकट खाल्ला असता. काल-परवापर्यंत ज्याला कुणी धड राम राम घालत नव्हतं तो तोलारी एकाएकी मोलाचा माणूस झाला. पुंजारामही झाला. पण वर्षभरच.

त्याच्या शेठनं एके दिवशी रुईवर पाणी मारायला सांगितलं. ओल्या रुईचं वजन जास्त भरतं, ही अक्कल सगळ्याच व्यापाऱ्यांना होती. पुंजारामनं कुरकुर केली आणि शेवटी मारलं, कारण पोट शेठच्या हातात होतं. चार दिवसांनी तपासनीस आला. त्यानं ढिगात हात घातला आणि ओला हात सगळ्यांना दाखवला. शेठनं लगेच हात वर केले. “तोलाऱ्यानं केलं असन, मले काय ठाऊक!” पुंजारामला त्याच दुपारी घरी पाठवलं, आणि पोलिसात दिलं नाही हे उपकारच समज म्हणून वर सुनावलंही.

आता पूर्वीचे दिवस असते तर फारसं बिघडलं नसतं. पूर्वी दुसऱ्या दुकानी जाऊन उभं राहायचं, अमक्याचा मुलगा, तमक्याचा भाचा म्हणून सांगायचं, दुकानदार जरा वेळ तोंडाकडे बघायचा आणि कामाला लाव म्हणायचा. पण अमरावतीला साहेब लोकांच्या वखारी निघाल्या होत्या आणि साहेबाला तोंड वाचता येत नसे, त्याला कागद लागे. आधीच्या मालकाची चिठी आण, त्यात लिहून आण की हा माणूस प्रामाणिक आहे. चोर मालकाकडे प्रामाणिकपणे राबलेल्या माणसानं चिठी कुणाची आणायची, हे मात्र साहेबानं सांगून ठेवलं नव्हतं. पुंजाराम तीन वखारींच्या दारातून परत आला. घरी आई दुर्गाबाई एकटी, बायको बाळंतपणात गेलेली. चौथ्यांदा तो अमरावतीची वाट चालू लागला तेव्हा वैशाख होता, आणि गावोगाव पटकीची साथ होती.

वाटेत कापसाच्या गाड्यांच्या संगतीनं चालताना त्याला नत्थू भेटला. सावरखेडचा कुणबी, बाळापूरच्या अलीकडे मन नदीच्या काठी गाव. नत्थूही तोलारीच. खामगावच्या एका साहेबाकडे दोन वर्षं काढून आता अमरावतीला मोठ्या वखारीत चालला होता. गळ्यात एक थैली. बायकोनं आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची शिवलेली, आणि आत चिठी.

“पाह्य गड्या,” नत्थू दर मुक्कामाला थैली उघडून दाखवी, “हे साहेबाची सही. लिवलं हाय का नत्थूचा हात साफ हाय. रुई ओली करत नाई. खोटं बोलत नाई.” वाचता दोघांनाही येत नव्हतं, पण नत्थूनं मुनशीकडून इतक्यांदा वाचून घेतली होती की ओळी पाठ होत्या. पुंजाराम ऐके आणि चिठीची घडी पुन्हा थैलीत जाईपर्यंत बघत राही. नत्थू वाईट नव्हता, बोलघेवडा होता. दोन दिवसांत त्यानं आपला सगळा संसार सांगून टाकला. बायको मैना, नाकावर राग, जात्यावर बसली की ओव्या बेसूर म्हणते, पण असा ठेचा करते की माणूस डोळ्यातून पाणी काढत चार भाकरी खातो.

तिसऱ्या दिवशी मूर्तिजापूर मागे टाकल्यावर भर दुपारी नत्थू एका निंबाखाली बसला तो उठलाच नाही. गाडीवानांनी ओळखलं आणि बैल दामटले. जाता जाता एक जण ओरडून सांगून गेला, “पानी देऊ नोको त्याले! पटकीत पानी देल्लं का माणूस गेलाच समज!” तेव्हा सगळेच तसं मानत. पुंजारामही मानत होता.

विहीर वीस पावलांवर होती. नत्थू पाणी मागत होता. आधी हक्कानं मागितलं, मग शिव्या देऊन, मग लेकरासारखं. “पानी दे ना बावा. घोटभर दे.” पुंजारामनं दिलं नाही. त्याला वाटलं आपण वाचवतो आहोत. उन्हं कलेपर्यंत तो त्या माणसाचे हात धरून बसला आणि ऐकत राहिला. आवाज बसण्याआधी नत्थूनं थैली गळ्यातून काढून त्याच्या हातात कोंबली. “सावरखेडले जाय. मैनाले सांग.” मग तो पाणी मागत मागतच गेला.

सडकेच्या कामावरचं एक टाकलेलं फावडं सापडलं. नाल्याच्या काठी पुंजारामनं एकट्यानं खड्डा खणला, माती लोटली, वर धोंडे रचले. थैली गळ्यात अडकवून तो सडकेवर आला. सावरखेड मागे, तीन-चार दिवसांच्या वाटेवर. अमरावती पुढे, दोन दिवसांवर. आधी काम धरू, मग निरोप पाठवू, असं तो स्वतःशी म्हणाला. माणूस असंच म्हणतो. पण एकदा नत्थू म्हणून काम धरल्यावर नत्थू मेला हा निरोप पाठवायचा कुणी, हे त्याच्या ध्यानात वखारीचं दार ओलांडल्यावर आलं.

मुनशीनं चिठी वाचली, वर पाहिलं. “नत्थू?”

“हो जी,” पुंजाराम म्हणाला. इतकंच बोलायचं होतं.

काम त्यानं चोख केलं, त्यात शंका नाही. काटा त्याच्या हाती आल्यापासून तोलावरून भांडण झालं नाही. साहेब त्याच्याकडे बघून मान हलवी. पण काही दिवसांतच एक होऊ लागलं. भर उन्हात तोल चालू असायचा, तो ‘लाभ’ म्हणायचा, आणि त्याच्या पाठीमागून तोच शब्द कुणीतरी हळू आवाजात पुन्हा म्हणायचं. दोन म्हटलं की मागून दोन. तीन म्हटलं की तीन. हमालांना काही ऐकू येत नसे. पुंजारामनं हाक जोरात द्यायला सुरुवात केली, तर मागचा आवाजही तितकाच चढे. तो खामगावी शिकलेला आवाज होता, वाटेत नत्थूनं हाक देऊन दाखवली होती तसा, आकडा जरा लांबवणारा. पुंजारामला तो ओळखू येत होता, आणि वळून पाहायची त्याची छाती होत नव्हती.

पाण्याचं तर विचारू नका. लोटा तोंडाला लावला की घशाखाली उतरेना. अर्धा लोटा तो भुईवर ओतून टाकी आणि मग उरलेलं पिई. दुसऱ्या कुणी पाणी मागितलं की मात्र हातातलं काम टाकून धावे. गाडीवान, हमाल, वाटसरू, कुणीही येवो, नत्थू तोलारी पाणी पाजल्याशिवाय सोडत नाही, अशी त्याची ख्याती झाली. लोक म्हणत, देव भलं करो तुझं नत्थू. तो आशीर्वादही दुसऱ्याच्याच नावावर जाई.

लोकांनी बायकोची चौकशी केली तर काय सांगणार? तो सांगे, गावी आहे. मग एकदा कुणीतरी खोदून विचारलं आणि त्याच्या तोंडून आपसूक निघालं, “नाकावर राग हाय तिच्या. ओव्या बेसूर म्हनते.” सगळे हसले. तोही हसला. कधी न पाहिलेल्या बाईची तो थट्टा करत होता, तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या तोंडानं.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात तो काट्यावर असताना फाटकाशी कुणीतरी चौकशी करताना ऐकू आलं. अकोटच्या गोवर्धनचा आवाज होता, शेजारच्या मळ्यातला. “पुंजाराम माळी इथं हाय काय? त्याची माय लय बिमार हाय, त्याचं नाव घेऊन राहिली.” शिपाई म्हणाला, असा कुणी इथे नाही. “अकोटचा हाय जी, तोलारी हाय.” शिपाई म्हणाला, तोलारी इथे नत्थू आहे, जा पुढे. पुंजाराम दहा हातांवर, रुईच्या ढिगाआड. शेजारी मुनशी वही घेऊन उभा. पुंजारामनं तोंड उघडलं आणि त्यातून ‘सात’ निघालं. मग आठ. गोवर्धनची पावलं दूर गेली. संध्याकाळी तो सबब सांगून निघाला आणि अकोटला पोचला तेव्हा आईला जाऊन तिसरा दिवस झाला होता. घरात शेजाऱ्यांनी दिवा लावून ठेवला होता. त्यानं आपल्या आईला अग्नीसुद्धा दिला नाही. मेल्यासारखा वागलास तर मेल्यासारखंच व्हायचं, दुसरं काय!

मग अमेरिकेतली लढाई संपली. भाव असा कोसळला की कालचे शेठ आज तोंड लपवून फिरू लागले. वखार बंद व्हायची ठरली. साहेब मनानं चांगला होता. त्यानं सगळ्या जुन्या कामगारांना चिठ्या द्यायचं कबूल केलं. पुंजारामच्या मनात आलं, हीच वेळ. तो मुनशीकडे गेला.

“मुनशीजी, चिठीत माझं दुसरं नाव लिवता येईन काय? घरी मले पुंजाराम म्हनतात.”

मुनशीनं चष्म्यावरून पाहिलं. “पागल आहेस का? साहेबाच्या वहीत तीन वर्षं नत्थू. खामगावच्या चिठीत नत्थू. आता पुंजाराम लिहिलं तर दोन्ही कागद वाया. कोण पुंजाराम, कुठला पुंजाराम? त्याला ओळखतं कोण?”

 चिठी नत्थूच्या नावानं झाली. तीन वर्षं चोख काम, हात साफ, गोड स्वभाव, तहानलेल्याला पाणी देणारा. साहेबानं तेही लिहिलं. पुंजारामनं आपली तीन वर्षं घडी घालून लुगड्याच्या थैलीत नत्थूच्या चिठीशेजारी ठेवली.

नवं काम अकोल्यात निघालं होतं. तिकडे आगगाडीचे रूळ पडत होते आणि रुळांच्या बाजूनं नव्या वखारी उभ्या राहत होत्या. अमरावतीहून निघून मूर्तिजापूरच्या अलीकडे तो त्या निंबापाशी थांबला. विहीर होती. निंब होता. नाला मात्र तीन पावसाळ्यांत रुंदावला होता. काठ खचला होता आणि धोंड्यांचा पत्ता नव्हता. त्यानं हातानं वाळू उपसली. इथे की तिथे, आठवेना. भर दुपार होती, सडकेवर माणूस नाही, आणि त्याच्या मागे कुणीतरी शांतपणे मोजत होतं. पुंजाराम कपाळ टेकायला जागा शोधत राहिला. त्याला खरोखर जागा सापडली नाही.

अकोल्याच्या वखारीत कारकून बसला होता, कडक माणूस. दोन्ही चिठ्या त्यानं वाचल्या आणि खूश झाला. म्हणाला, “कागद उत्तम आहेत. उद्यापासून काट्यावर ये. पण आमच्याकडे नवी रीत आहे. चिठ्या लोक विकत घेतात, मेलेल्यांच्या वापरतात. म्हणून गावच्या पाटलाचा जामीन लागतो. सावरखेडला मी आज माणूस पाठवतो.”

पुंजाराम ‘हो जी’ म्हणाला. तेव्हाच पळून जाता आलं असतं. रात्रीत कुठेही जाता आलं असतं, मुलूख मोठा आहे. पण तो गेला नाही. तो आठ दिवस काट्यावर उभा राहिला. का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पाय उचलत नव्हते, इतकंच. आणि त्या आठ दिवसांत मागचा आवाज आला नाही, याची त्याला जास्त भीती वाटली.

नवव्या दिवशी कारकुनानं हाक मारली. “नत्थू, तुझ्या पाटलाचा दाखला आला. लिहितात, माणूस गावचा, खानदानी, आम्ही जामीन. तीन वर्षं खबर नव्हती, गाव आनंदात आहे. आणि हे बघ, तुझी बायकोपण आली गाडीनं. ये बाई, पुढे ये.”

दारात एक उंच बाई उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात भरलेला चुडा, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. तिनं पुंजारामकडे पाहिलं आणि त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं, कुणीतरी अजून यायचं आहे तसं. मग पुन्हा त्याच्याकडे. मग तिची नजर त्याच्या गळ्यातल्या थैलीवर थांबली.

“हे थैली माझ्या हातची हाय,” ती म्हणाली. “मालक कुठं हायेत?”

कारकून हसला. “समोर काय आहे मग? तीन वर्षांत नवरा विसरलीस का?”

 तिनं थैलीकडे पुन्हा एकदा पाहिलं. पुंजारामला दिसलं की तिला कळलं आहे, आणि हेही दिसलं की ती तोंड मिटून राहू शकते. ती ‘हो’ म्हणाली असती तर त्याचं काम राहिलं असतं आणि तिचं कुंकू राहिलं असतं. जगाला काही कळलं नसतं. डोक्यावरचं गाठोडं तिनं आता दोन्ही हातांनी धरलं. त्या गाठोड्याकडे बघून पुंजारामला वाटलं, हे ओझंही आता हिच्या डोक्यावर ठेवायचं का?

“नाई जी,” तो म्हणाला. “मी नत्थू नाई. नत्थू मेला. मी अकोटचा पुंजाराम माळी.”

कारकून उठून उभा राहिला. आधी पोलिसाचं नाव घेतलं. मग त्याच्या ध्यानात आलं की साहेबापुढे या माणसाची वाखाणणी त्यानंच केली होती. दोन्ही चिठ्या आणि पाटलाचा दाखला त्यानं पुंजारामच्या अंगावर फेकले. “चालता हो. पुन्हा या दारात दिसलास तर हाडं मोडीन.”

बाहेर गाडीजवळ मैना उभीच राहिली, बसली नाही. “कवा?” तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. वैशाख, मूर्तिजापूरची सडक, निंब, नाला. तिनं विचारत जावं, त्यानं सांगत जावं.

“मरतानी काय मांगतलं त्याईनं?”

इथे पुंजाराम थांबला. घरी सांग म्हणाले, तुमचं नाव घेतलं, असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

“पानी,” तो म्हणाला. “दुपारभर पानी मांगून राहिले होते. इहीर जवळच होती. मी देल्लं नाई. लोक म्हने पानी देऊ नोको. बाई, मी घोटभरही देल्लं नाई.”

मैनानं वाकून सडकेची मूठभर माती उचलली आणि त्याच्या तोंडावर फेकली. त्यानं पुसली नाही. मग ती गाडीच्या चाकाला धरून खाली बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की आतले हमाल बाहेर आले.

बऱ्याच वेळानं ती बोलू लागली, त्याच्याकडे न बघता. “तीन साल मी रोज कुंकू लावलं. मेलेल्याच्या नावानं. खुशालरावनं पाट लावतो म्हनून निरोप धाडला होता. भला माणूस, त्याची बायको गेलेली. पंच म्हनले, नवरा मेल्याची साक्ष आन, मंग दुसऱ्याशी पाट. साक्ष कुठून आनू? तू इकडं त्याईचं नाव पांघरून बसलेला. खुशालरावनं दुसरी केली. आता सांग, तुले काय म्हनू मी?”

“जे म्हनायचं ते म्हना.”

“चाल,” ती उठली. “पंचाईपुढं सांग हेच. एक शब्द कमी नोको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सावरखेडच्या चावडीत पंच बसले. मध्ये वामनराव पाटील. पुंजारामनं सगळं सांगितलं, पाण्यासकट. सांगून झाल्यावर वामनरावांनी त्याच्यापुढे हात पसरला. “कागद दे.”

पटवाऱ्यानं तिन्ही कागद मोठ्यानं वाचले. चावडीत कुजबुज झाली. वामनरावांची पंचाईत सोपी नव्हती. नत्थू जिवंत आहे आणि आम्ही त्याला जामीन आहोत, हे त्यांनीच चार दिवसांपूर्वी अंगठीचा शिक्का मारून अकोल्याला लिहून दिलं होतं, माणूस न पाहता. आता तो मेला म्हणायचं म्हणजे साहेबापुढे स्वतःला खोटं पाडायचं.

“खामगावचा साहेब म्हन्ते नत्थू चांगला,” ते सावकाश म्हणाले. “अमरावतीचा साहेब म्हन्ते गेल्या महिन्यापरेंत नत्थू काट्यावर होता. माझा दाखला म्हन्ते नत्थू हाय. तीन कागद म्हनतात जिता हाय, अन् तू एकटा म्हनतं मेला. जागा दाखोतं काय?”

“नाल्यानं नेली जी.”

“पाहनारं दुसरं कोनी?”

“गाडीवान होते. नावं ठाऊक नाई.”

“बरं. मंग तू कोन? तू पुंजाराम हाय, खरं बोलून राहिला, हे सांगनारं कोन हाय तुयं? अकोटचा तुया शेठ सांगन?”

पुंजारामनं मान हलवली. शेठ काय सांगणार हे त्याला माहीत होतं. आई नव्हती. तीन वर्षांत ज्या ज्या माणसानं त्याला चांगलं म्हटलं होतं तो प्रत्येक जण नत्थूला ओळखत होता. भरल्या चावडीत तो उभा होता आणि त्याला वाटलं, नाल्याकाठी आपणच पुरले गेलो आणि सडकेवर चालत गेला तो नत्थूच. तसं असेल तर हे लोक बरोबरच बोलतायत. त्याला खरंच क्षणभर तसं वाटलं.

“मी सांगते,” मागून मैना म्हणाली.

ती बायकांतून उठून पुढे आली. पंचांपुढे बाईनं असं येण्याची रीत नव्हती, पण तिला कुणी अडवलं नाही. “मी ओळखते याले. या मानसानं माझे तीन साल खाल्ले. याले माझ्यापेक्षा जास्त कोन ओळखन? याच्यावर दया कराले मी नाई आली. पन हा खरं बोलून राहिला. खोटं बोलनारा पान्याचं सांगन काय? मी तं इचारलंही नव्हतं का तू पानी देल्लं का नाई.”

“बाई, हे काय कागद होत नाई,” वामनराव म्हणाले.

मैनानं मग चावडीच्या दगडी पायरीवर गुडघे टेकले, दोन्ही हात वर नेले आणि चुडा पायरीवर आपटला. एकदा आपटून सगळा फुटला नाही. तिनं पुन्हा आपटला. मनगटावरून रक्त आलं. पदरानं कपाळ पुसलं, वर बघितलं आणि विचारलं, “नवरा जिता असताना कोनती बाई असं करन, सांगा पाटीलबुवा?”

 बायकांत रडं सुरू झालं. वामनरावांनी आपला दाखला उचलला, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि फाडला. मग ते पटवाऱ्याकडे वळून म्हणाले, “लिहा.”

पटवाऱ्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. मौजे सावरखेड येथील नत्थू पटकीच्या आजाराने मूर्तिजापूरच्या सडकेवर मयत झाला. साक्षीदार पुंजाराम, जात माळी, राहणार अकोट, पेशा तोलारी. साक्षीदार खरे बोलतो म्हणून जामीन, मैनाबाई, मयताची विधवा.

तीन वर्षांनी त्याचं स्वतःचं नाव कागदावर आलं होतं, आणि त्याच्याबद्दल चांगला शब्द लिहून देणारी बाई समोर रक्ताळलेले हात मांडीवर ठेवून बसली होती. पुंजारामला तिच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं. तो जागचा हलू शकला नाही. त्याची लायकी नव्हती आणि ते त्याला कळत होतं.

“नक्कल करून देऊ काय?” पटवाऱ्यानं विचारलं. “खरं बोलनारा म्हनून पंचाईचा कागद हाय. अकोल्यात कुठंही काम भेटन यावर.”

“नोको जी,” पुंजाराम म्हणाला. “याच्यावर मले कोनाचंच काम नोको.” आणि तो खाली बसून पायरीवरच्या काचा एकेक करून वेचू लागला, कारण बायका अनवाणी होत्या.